एका प्रांताचे अखेरचे वर्ष

नागपूरहून पूर्वेस हावड्याच्या दिशेने जाणारा लोहमार्ग भंडारा रोड, गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव व दुर्ग ही स्थानके ओलांडून रायपूरला पोहोचतो. या मार्गावर दरेकसा आणि बोरतलाव या दोन लहान स्थानकांच्या दरम्यान, डोंगराळ अरण्यप्रदेशात, महाराष्ट्र व छत्तीसगड या दोन राज्यांची सीमा आहे. १९५६ सालाच्या आरंभी मात्र भंडारा व दुर्ग या दोन जिल्ह्यांची हद्द, याहून अधिक अर्थ त्या सीमेला नव्हता. सीमेच्या दोन्ही बाजूंचा प्रदेश एकाच राज्यात मोडत असे. त्या राज्याचे नाव मध्यप्रदेश असे होते आणि त्याची राजधानी नागपूर ही होती. दुर्गच्या पक्षकाराला अपिलासाठी नागपूरच्या उच्च न्यायालयात जावे लागे; रायपूरच्या लोकप्रतिनिधीला अधिवेशनासाठी नागपूरच्या विधिमंडळात उपस्थित राहावे लागे. दुर्ग आणि रायपूर यांच्यामधील भिलाई हे स्थानक त्या काळी सामान्य प्रवाशाच्या लक्षातही राहण्याजोगे नव्हते.

त्या एका वर्षात हे चित्र पालटले. वर्ष संपले तेव्हा जुना प्रांत उरला नव्हता, नागपूरचे राजधानीपद गेले होते, आणि भिलाई हे नाव पंचवार्षिक योजनेच्या चर्चेत सतत उच्चारले जाऊ लागले होते. एकीकडे भाषेच्या तत्त्वावर माणसांची विभागणी होत होती, तर दुसरीकडे त्याच प्रदेशात अनेक भाषांची माणसे एकत्र आणणारे एक नगर आकार घेऊ पाहत होते. या दोन्ही घटना एकाच वर्षाच्या आहेत. त्यांचा विचार सहसा वेगवेगळ्या पुस्तकांत केला जातो. परंतु ज्यांच्या आयुष्यात त्या घडल्या त्यांच्या दृष्टीने त्या एकाच सार्वजनिक जीवनाचा भाग होत्या.

दोन भाषांचे घर

जुन्या मध्यप्रदेशाची घडण समजून घेतल्याखेरीज १९५६ सालाचे महत्त्व ध्यानात येणार नाही. नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याने १७४१ मध्ये भास्करपंतांच्या नेतृत्वाखाली रतनपूरवर चाल केली, तेव्हापासून छत्तीसगडाचा नागपूरशी राजकीय संबंध जडला. पुढे बिंबाजी भोसले यांनी रतनपूर येथे राहून १७८७ पर्यंत कारभार पाहिला. कारभारी, लेखक, पुरोहित व सैनिक अशी अनेक मराठी कुटुंबे या काळात पूर्वेकडे गेली आणि तेथेच स्थिरावली. १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले व १८६१ मध्ये मध्यप्रांताची स्थापना झाली. १९०३ मध्ये वऱ्हाडचा कारभार या प्रांताला जोडण्यात आला. अशा रीतीने बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा व चांदा हे आठ मराठी जिल्हे आणि महाकोशल व छत्तीसगड येथील हिंदी जिल्हे एका छत्राखाली आले. १९५० मध्ये प्रांताला मध्यप्रदेश हे नाव मिळाले आणि त्याच वर्षीच्या कायद्याने हिंदी व मराठी या दोन्ही भाषांना राजभाषेचे स्थान देण्यात आले.

दोन भाषांचे हे घर नेहमीच गुण्यागोविंदाने नांदले असे म्हणता येणार नाही. १९३७ मध्ये डॉ. ना. भा. खरे यांचे मंत्रिमंडळ आले. वर्षभरातच ते मोडले आणि पंडित रविशंकर शुक्ल यांच्याकडे सूत्रे गेली. या वादाला मराठी व हिंदी विभागांतील स्पर्धेची धार होती. १ ऑक्टोबर १९३८ रोजी प्रांताच्या विधानसभेनेच स्वतंत्र विदर्भाच्या मागणीचा ठराव संमत केला. महसुलाचा मोठा वाटा आपण देतो आणि खर्च मात्र अन्यत्र होतो, अशी वऱ्हाडातील कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यांची तक्रार असे. उलट, राजधानी, विद्यापीठ आणि उच्च न्यायालय ही सर्व मराठी भागात, या गोष्टीकडे महाकोशलचे लोक बोट दाखवीत.

असे असूनही शंभर वर्षांच्या सहवासाने काही माणसे अशी घडवली होती की त्यांना एका बाजूला बसवणे अशक्य होते. माधवराव सप्रे हे मराठी भाषक. त्यांनी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले आणि पुढे लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले. त्यांचे सहकारी वामनराव लाखे यांनी रायपूर भागात सहकारी चळवळीचा पाया घातला. दुर्गचे घनश्यामसिंह गुप्त हे १९३७ पासून १९५२ पर्यंत नागपूरच्या विधानसभेचे अध्यक्ष होते आणि भारतीय संविधानाचा हिंदी अनुवाद करणाऱ्या समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते. १९५६ मध्ये नागपूरला राहणाऱ्या मुक्तिबोध बंधूंचे उदाहरण तर सर्वश्रुत आहे. थोरले गजानन माधव हिंदीचे थोर कवी झाले, तर धाकटे शरच्चंद्र यांनी मराठी कवितेत व कादंबरीत आपले स्थान निर्माण केले. घरची भाषा एकच; साहित्याच्या भाषा दोन. अशा घराची वाटणी कोणत्या रेषेने करायची, या प्रश्नाला कोणत्याही आयोगाजवळ उत्तर नव्हते.

संग्रहालयातील नकाशा

भिलाईच्या कथेची सुरुवातही नागपूरलाच होते. जमशेटजी टाटा यांनी १८७७ मध्ये नागपूर येथे एम्प्रेस मिल सुरू केली होती. चांदा जिल्ह्यातील लोहारा येथील लोहखनिज आणि वरोऱ्याचा कोळसा यांच्या आधारे पोलादाचा कारखाना काढावा, ही कल्पना त्यांच्या मनात पुष्कळ काळ होती. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांचे पुत्र दोराबजी आणि वेल्ड नावाचे अमेरिकन भूशास्त्रज्ञ यांनी या भागाची पाहणी केली. परंतु निष्कर्ष निराशाजनक निघाला. योजना सोडून देत आहोत, हे सांगण्यासाठी दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेले. संबंधित अधिकारी जागेवर नव्हते. वेळ घालवावा म्हणून ते समोरच्या संग्रहालयात शिरले. तेथे प्रांताचा एक भूस्तरीय नकाशा टांगलेला होता आणि त्यावर दुर्ग जिल्ह्याचा काही भाग गडद रंगाने दाखवला होता. तो रंग लोहखनिजाचा निदर्शक होता.

या नकाशामागे प्रमथनाथ बसू या भारतीय भूशास्त्रज्ञाने १८८० नंतरच्या दशकात केलेली पाहणी होती. दोराबजी आणि वेल्ड दल्ली-राजहराच्या डोंगरांवर गेले तेव्हा खनिज उत्तम प्रतीचे असल्याची त्यांची खात्री पटली. पायाखाली आपटणारा दगडही लोखंडासारखा वाजत होता, असे त्या भेटीविषयी सांगितले जाते. पण पोलाद तयार करण्यास केवळ लोहखनिज पुरत नाही. खनिज वितळवण्यासाठी कोळशापासून केलेला कोक लागतो, अशुद्ध द्रव्ये वेगळी करण्यासाठी चुनखडी लागते, आणि भट्ट्या थंड राखण्यासाठी अखंड पाणी लागते. दल्ली-राजहराच्या आसपास योग्य कोळसा नव्हता आणि पुरेसे पाणीही नव्हते. १९०४ मध्ये बसू यांनीच मयूरभंज संस्थानातील खनिजाची माहिती कळवली आणि टाटांचा कारखाना पूर्वेकडे साकची येथे, म्हणजे पुढच्या जमशेदपूरला, उभा राहिला. दुर्गचे डोंगर होते तसेच राहिले.

पुढील पन्नास वर्षांत परिस्थिती बदलली. तांदुला नदीवर शेतीसाठी धरण व कालवे झाले आणि पाण्याचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला. भिलाईच्या उत्तरेस नंदिनी येथे चुनखडीचे साठे होते. झरियाचा कोळसा रेल्वेने आणता येत होता आणि कोरबा येथील कोळसाक्षेत्र विकसित करण्याची योजना होती. मुंबई-हावडा हा मुख्य लोहमार्ग तर दारातूनच जात होता. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात वर्षाला दहा लक्ष टन पोलादाच्या कारखान्यासाठी करार झाला. त्यासाठी सोव्हिएत सरकारने दिलेले कर्ज अडीच टक्के व्याजाने बारा वार्षिक हप्त्यांत फेडावयाचे होते. कारखाना आपल्या राज्यात यावा म्हणून मुख्यमंत्री शुक्ल यांनी आपले सारे वजन खर्च केले होते, आणि लवकरच भिलाईची जागा निश्चित झाली.

जानेवारी ते ऑगस्ट

राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ च्या ऑक्टोबरात प्रसिद्ध झाला. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू व के. एम. पणिक्कर हे त्याचे सदस्य होते. जुना मध्यप्रदेश मोडावा, आठ मराठी जिल्ह्यांचे सुमारे ७६ लक्ष लोकवस्तीचे स्वतंत्र विदर्भ राज्य करावे, आणि हिंदी जिल्ह्यांना मध्यभारत, विंध्यप्रदेश व भोपाळ यांची जोड देऊन नवे विशाल राज्य बनवावे, अशी शिफारस आयोगाने केली. बापूजी अणे, ब्रिजलाल बियाणी आदी स्वतंत्र विदर्भाच्या पुरस्कर्त्यांना ही शिफारस म्हणजे दीर्घ प्रयत्नांचे फळ वाटले. परंतु १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भातील व पश्चिम महाराष्ट्रातील अनेक नेत्यांनी एका मराठी राज्याचा मार्ग स्वीकारला होता. त्यांना आयोगाची शिफारस मान्य होणे शक्य नव्हते.

१६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधान नेहरू यांनी आकाशवाणीवरून केंद्र सरकारचा निर्णय जाहीर केला. विदर्भ महाराष्ट्रात जाणार होता. मुंबई शहर मात्र केंद्राच्या ताब्यात राहणार होते. मुंबईत प्रक्षोभ उसळला, गोळीबार झाले आणि माणसे मृत्युमुखी पडली. ६ फेब्रुवारीस पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना झाली. केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा दिला. येथे हेही सांगितले पाहिजे की, देशमुखांच्या सनदी सेवेची सुरुवात मध्यप्रांतातच झाली होती आणि रायपूर जिल्ह्याच्या जमाबंदीचे काम त्यांनी केले होते. जुन्या प्रांताचे दोन्ही भाग त्यांना कागदपत्रांवरून नव्हे, तर बांधावरून ठाऊक होते.

मुंबईतील या वादळाचा आवाज इतका मोठा होता की, प्रांताच्या पूर्व टोकाकडे काय चालले आहे याकडे मराठी वाचकाचे फारसे लक्ष गेले नाही. २८ जानेवारी १९५६ रोजी, म्हणजे नेहरूंच्या भाषणानंतर अवघ्या बारा दिवसांनी, राजनांदगाव येथे डॉ. खूबचंद बघेल यांच्या पुढाकाराने छत्तीसगढी महासभेची स्थापना झाली. छत्तीसगडाची भाषा, शेती व लोकजीवन यांचे स्वतंत्र व्यक्तिमत्त्व आहे, आणि नव्या विशाल राज्यात ते हरवून जाईल, अशी या मंडळींची भीती होती. विदर्भवाद्यांना नागपूर मुंबईच्या छायेत जाईल अशी धास्ती होती. बघेल यांना रायपूर भोपाळच्या छायेत जाईल अशी. एकमेकांविषयी तक्रार करणारे दोन्ही विभाग त्या वर्षी एकाच प्रकारच्या चिंतेने ग्रासले होते, ही गोष्ट मात्र फार थोड्यांच्या ध्यानात आली.

१ एप्रिलला दुसरी पंचवार्षिक योजना सुरू झाली. ३० एप्रिलला औद्योगिक धोरणाचा ठराव संसदेपुढे आला आणि पोलादासारखे मूलभूत उद्योग शासनाच्या हाती राहतील हे स्पष्ट झाले. योजनेत प्रत्येकी दहा लक्ष टनांचे तीन सरकारी कारखाने होते: जर्मन साहाय्याने राऊरकेला, ब्रिटिश साहाय्याने दुर्गापूर आणि सोव्हिएत साहाय्याने भिलाई. सोव्हिएत तज्ज्ञांनी तयार केलेला भिलाईचा तपशीलवार आराखडा या सुमारास स्वीकारला गेला. प्रत्यक्ष जागेवर मात्र अजून भाताची खाचरे, तळी व गावेच होती. मोजणीदार साखळ्या घेऊन फिरू लागले आणि अनेक गावांची जमीन संपादनाखाली आली. शेतकऱ्याला नुकसानभरपाईची रक्कम मिळाली, तरी पिढ्यान्‌पिढ्यांचे शेत व तळे यांचे मोल पैशात करता येत नाही. पूर्वी नांगर धरणारे हात पुढे टोपली व फावडे घेऊन त्याच जमिनीवर रोजाने कामाला आले. भिलाईच्या यशाचा हिशेब मांडताना ही बाजू विसरून चालणार नाही.

ऑगस्ट महिन्यात संसदेने पुन्हा एकदा निर्णय फिरवला. मराठी व गुजराती भाग एकत्र ठेवून मुंबईसह विशाल द्विभाषिक राज्य करण्याचे ठरले. मराठी भागात असंतोष धुमसत होताच. आता अहमदाबादेतही उद्रेक झाला व तेथेही गोळीबारात बळी गेले. विदर्भाच्या दृष्टीने पाहता, हिंदी-मराठी द्विभाषिकातून निघून मराठी-गुजराती द्विभाषिकात जाणे, एवढाच या निर्णयाचा अर्थ होता. ३१ ऑगस्टला राज्य पुनर्रचना कायद्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. १ नोव्हेंबर हा दिवस मुक्रर झाला.

विजयादशमीचे दोन समारंभ

प्रांताचे आयुष्य आता थोड्या आठवड्यांचे उरले होते. त्या आठवड्यांतील एक दिवस, १४ ऑक्टोबर, विशेष लक्ष वेधून घेतो. त्या दिवशी विजयादशमी होती.

नागपूर येथे लसनिर्मिती संस्थेजवळच्या मैदानावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्यानंतर जमलेल्या लक्षावधी अनुयायांना स्वतः दीक्षा दिली. विदर्भातून, मराठवाड्यातून, मुंबईहून आणि मध्यप्रदेशच्या हिंदी जिल्ह्यांतूनही माणसे आली होती. कित्येकांनी गाडीभाड्यासाठी घरातील वस्तू विकल्या, कित्येक पायी आले. शुभ्र वस्त्रे नेसलेल्या त्या जनसमुदायाने नागपूरचे रस्ते भरून गेले. १६ ऑक्टोबरला चांदा येथेही असाच समारंभ झाला. राजधानीचा मान गमावणाऱ्या या शहराला त्या दिवशी एक निराळेच स्थान प्राप्त झाले. ते कोणत्याही कायद्याने दिलेले नव्हते, म्हणून कोणत्याही कायद्याने काढून घेता येण्याजोगेही नव्हते.

त्याच दिवशी, तत्कालीन दुर्ग जिल्ह्यातील खैरागड येथे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचे उद्घाटन झाले. खैरागडचे राजे वीरेंद्रबहादूर सिंह व राणी पद्मावती देवी यांनी आपल्या दिवंगत कन्येच्या स्मरणार्थ राजवाडा या कार्यासाठी दिला होता. श्रीमती इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन झाले. विश्वविद्यालयाला आधार होता नागपूरच्या विधिमंडळाने त्याच वर्षी केलेल्या कायद्याचा. विसर्जनाच्या उंबरठ्यावर असलेल्या प्रांताने जाता जाता पूर्वेकडच्या एका लहान गावाला संगीताचे विद्यापीठ दिले. त्याची धुरा पुढे पंडित भातखंडे यांचे थोर शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी वाहिली. मराठी मुलखातील कलावंत नव्या सीमेपलीकडे जाऊन काम करू लागला, तो असा.

एक नोव्हेंबर

ऑक्टोबर अखेरीस दिवाळी तोंडावर आली होती. नागपूरच्या सचिवालयात फायलींचे गठ्ठे बांधले जात होते. कोणते दप्तर भोपाळला जाणार, कोणते मुंबईला, आणि त्या दप्तराबरोबर कोणता कर्मचारी जाणार, याच्या याद्या तयार झाल्या होत्या. ज्या शहरात मुलांची शाळा, म्हाताऱ्या आईबापांचे औषधपाणी, हप्त्याने घेतलेला जमिनीचा तुकडा, तेथून शेकडो मैलांवरच्या अनोळखी शहरात बिऱ्हाड हलवणे म्हणजे काय, हे बदलीच्या आदेशात लिहिलेले नसते. नव्या राजधानीत घरांची टंचाई होती. हिंदी भागातून येऊन नागपुरात दोन पिढ्या काढलेली कुटुंबे निघाली. रायपूर-दुर्गकडे असलेल्या मराठी कुटुंबांपुढे परतावे की राहावे असा पेच पडला. बहुतेक जुनी घराणी राहिली. परत कोठे जायचे, हा प्रश्न होताच. दोनशे वर्षांपूर्वी सोडलेले गाव हे परतण्याचे ठिकाण नसते.

३१ ऑक्टोबरच्या मध्यरात्री जुना मध्यप्रदेश संपला. भोपाळ येथे डॉ. पट्टाभि सीतारामय्या हे नव्या मध्यप्रदेशाचे राज्यपाल आणि पंडित शुक्ल मुख्यमंत्री झाले. मुंबईत यशवंतराव चव्हाण यांनी द्विभाषिकाची सूत्रे हाती घेतली. शुक्लांच्या नागपूर मंत्रिमंडळातील चांद्याचे मा. सां. कन्नमवार आता मुंबईच्या मंत्रिमंडळात आले. क्षेत्रफळाने द्विभाषिक मुंबई देशातील सर्वांत मोठे राज्य ठरले आणि नवा मध्यप्रदेश त्याच्या खालोखाल. एका राज्याचे दोन तुकडे होऊन ते देशातील दोन सर्वांत विस्तीर्ण राज्यांत सामावले गेले होते.

नागपूरचे उच्च न्यायालय जबलपूरला गेले व नागपुरात मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ राहिले. या न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती महंमद हिदायतुल्ला यांचे आयुष्य म्हणजे जुन्या प्रांताचा जणू नकाशाच होता. शालेय शिक्षण रायपूरचे, महाविद्यालयीन शिक्षण व वकिली नागपूरची. आता ते जबलपूरला नव्या उच्च न्यायालयाचे प्रमुख झाले. पुढे ते भारताचे सरन्यायाधीश व उपराष्ट्रपती झाले. नागपूर त्यांना आपले मानते आणि रायपूरच्या विधी विद्यापीठालाही त्यांचेच नाव आहे.

त्या सप्ताहात वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर जगातील घडामोडींनीही मोठी जागा व्यापली होती. सुएझ कालव्यावरून इस्रायल, ब्रिटन व फ्रान्स यांनी ईजिप्तवर आक्रमण केले. ४ नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले. दुर्ग जिल्ह्याला या बातम्या तितक्याशा परक्या नव्हत्या. भिलाईची यंत्रे सोव्हिएत संघातून यावयाची होती, आणि काळ्या समुद्रातून भारताकडे येणाऱ्या जहाजांचा जवळचा मार्ग सुएझमधूनच जात होता. हंगेरीतील घटनांमुळे सोव्हिएत मैत्रीविषयी देशात तीव्र वाद सुरू झाला. भिलाईचे काम मात्र चालू राहिले.

वर्षाचा शेवट

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत डॉ. आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले. दीक्षेला दोन महिनेही झाले नव्हते. भाषावार राज्यांविषयी त्यांनी वर्षभरापूर्वी लिहिलेल्या पुस्तिकेत एक वेगळा विचार मांडला होता: एका राज्यात एकच भाषा असावी हे योग्य, पण एका भाषेचे सर्व लोक एकाच राज्यात असले पाहिजेत असे मात्र नव्हे. फार मोठी राज्ये लहान प्रदेशांना व अल्पसंख्य समाजांना न्याय देऊ शकत नाहीत, म्हणून विदर्भासारखे भाग वेगळे असावेत आणि बिहार व मध्यप्रदेश यांचेही विभाजन व्हावे, असे त्यांचे मत होते. त्या गदारोळात ते फारसे ऐकले गेले नाही.

३१ डिसेंबरला, वर्षाच्या अगदी अखेरच्या दिवशी, पंडित रविशंकर शुक्ल यांचे दिल्लीत निधन झाले. त्यांचे वय एकोणऐंशी होते. नव्या राज्याचे मुख्यमंत्रिपद त्यांना दोन महिने लाभले. ज्या कारखान्यासाठी त्यांनी आग्रह धरला, त्याची एकही भट्टी त्यांना पाहता आली नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दल्ली-राजहराचे खनिज अखेर भट्टीत पडले. नागपूरच्या संग्रहालयातील तो नकाशा पाहिला गेल्याला तेव्हा अर्धशतक उलटून गेले होते.

भिलाई नगर वाढत गेले तसे आंध्र, बंगाल, केरळ, ओडिशा, पंजाब, बिहार येथून लोक तेथे आले. विदर्भातूनही आले, त्यांना गाडीत बसून फक्त काही तासांचा प्रवास करावा लागला. एकाच रांगेतील घरांत निरनिराळ्या भाषा ऐकू येऊ लागल्या आणि भिलाईला लघुभारत म्हटले जाऊ लागले. जुना प्रांत दोन भाषांचा भार पेलू शकला नाही. नव्या नगराने दहा भाषा सामावून घेतल्या. याचे कारण शोधणे कठीण नाही. प्रांतात भाषा ही सत्तेच्या वाटणीचे माप झाली होती. कारखान्यात पाळीचा भोंगा सर्वांसाठी एकच होता. अर्थात भिलाईतही सर्वांना सर्व काही मिळाले असे नाही. ज्यांची जमीन गेली त्या छत्तीसगढी माणसांनी आपल्याच भूमीवरील या समृद्धीत आपला वाटा कोणता, असा प्रश्न पुढे अनेकदा विचारला, आणि त्या प्रश्नातूनच डॉ. बघेल यांच्या मागणीला बळ मिळत गेले.

१ मे १९६० रोजी द्विभाषिक मुंबई मोडून महाराष्ट्र राज्य झाले. नागपूर कराराला अनुसरून विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपूरला भरू लागले; गेलेल्या राजधानीची ती आठवण होय. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे राज्य झाले. त्याच महिन्यात बिहारमधून झारखंडही निघाले. आंबेडकरांनी नावे घेऊन विभाजन सुचवलेली ही दोन्ही राज्ये अशा रीतीने पंचेचाळीस वर्षांनी विभागली गेली. छत्तीसगडाच्या स्थापनेसाठी दिवसही निवडला गेला तो १९५६ चाच. विदर्भाचा प्रश्न मात्र तेव्हाही अनुत्तरितच राहिला.

गजानन माधव मुक्तिबोध १९५८ मध्ये नागपूर सोडून राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवण्यास गेले. शरच्चंद्र नागपुरातच राहिले. दोन भावांच्या गावांमध्ये आता राज्याची सीमा होती. रेल्वेचा मार्ग तोच होता, स्थानकेही तीच होती. आणि दरेकशाच्या पुढे, जेथे ती अदृश्य रेषा ओलांडली जाते, तेथे गाडी पूर्वीप्रमाणेच न थांबता निघून जात असे.